भाद्रपदातले दुसरे नागपूर

पिठोरी अमावास्येला पोळा झाला की नागपूर शहर पुढचे महिनाभर गर्दीचे असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबती, चतुर्थीला गणपती, मग महालक्ष्म्या, मग अनंत चतुर्दशी. इतर गावे विसर्जन करून मोकळी होतात, तेव्हा या शहरात पितृपक्षात पुन्हा एक गणपती बसतो. इतवारी, महाल, सीताबर्डी या भागांत पाय ठेवायला जागा नसते.

आमच्या भागातले लोक हे नागपूर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. आम्ही म्हणजे रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा इकडचे, सातपुड्याचा घाट उतरल्यावर कन्हानच्या खोऱ्यात राहणारे मराठी लोक. आमचे जाणे बहुधा खरेदीचे आणि देखावे पाहण्याचे. बर्डीवर कपडे, इतवारीत किराणा आणि भांडी, जमले तर टेकडीच्या गणपतीचे दर्शन, रात्री रोषणाई आणि परत. पण त्याच गर्दीच्या दिवसांत मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत वळले तर एक दुसरे नागपूर लागते. तिथे ढोल दुरून ऐकू येतो, ओट्यावर म्हातारी माणसे बसलेली असतात, आणि मोहल्ल्यांची नावे लक्ष देऊन वाचली तर तीनशे वर्षांची हकीकत समजते. त्या हकीकतीची सुरुवात नागपुरात होत नाही. ती आमच्याकडच्या डोंगरात होते, आणि म्हणूनच ती आपल्या स्मरणिकेत लिहावीशी वाटली.

घाटावरचे राज्य, घाटाखालचे शहर

छिंदवाड्याहून साधारण ४० किलोमीटरवर देवगड आहे. हापूसचे कोकणातले देवगड वेगळे. हा गोंड राजांचा गड. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे जाटबा नावाचा राजा होता. अकबराच्या दरबारात लिहिल्या गेलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याचा उल्लेख आहे: २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि शंभरावर हत्ती बाळगणारा जमीनदार. आकडे थोडे फुगवलेले असतील असे धरले तरी दिल्ली-आग्र्याला ज्याची दखल घ्यावी लागली असा हा राजा होता. देवगडात ८०० विहिरी आणि ९०० बावड्या होत्या, असे आमच्याकडे अजून सांगतात. मोजायला कोणी बसले नसेल, पण गडाच्या परिसरात दगडी बावड्या आजही सापडतात.

या राजांचे लक्ष हळूहळू घाटाखाली गेले. वर डोंगर आणि जंगल, खाली काळी कसदार जमीन. पाटणसावंगी आणि नगरधन इथली ठाणी जाटबाने बसवली असे परंपरा सांगते. त्याच घराण्यातला बख्त बुलंद शाह. तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, १६८६ च्या सुमारास मुसलमान झाला, आणि परत येऊन त्याने राज्य वाढवले. मोगल सत्ता दक्षिणेत गुंतलेली पाहून पुढे त्याने त्या बादशहाशीही वैर धरले. १७०२ मध्ये नाग नदीच्या काठच्या बारा वाड्या एकत्र करून त्याने एक शहर वसवले. या वाड्यांना तोवर राजापूर बारसा म्हणत. तेच आजचे नागपूर.

नुसती जागा निवडून तो थांबला नाही. १८२७ मध्ये रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सने नागपूर राज्याचा जो अहवाल लिहिला, त्यात बख्त बुलंदाविषयी कौतुकाने नोंद आहे. त्याच्या काळात चहूकडून कष्टाळू माणसे येऊन स्थायिक झाली, गावे वसली, शेती, कारागिरी आणि व्यापार वाढला, असा त्याचा आशय. म्हणजे गोंड राजाने वसवलेल्या या शहरात पहिल्यापासून सगळ्यांना जागा होती.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना ही सगळी वाट पायाखालची वाटेल, कारण छोट्या गाडीचा मार्ग जवळपास असाच होता. बंगाल नागपूर रेल्वेची ती अडीच फुटी रुळांची गाडी. छिंदवाड्याहून निघायची, भिमालगोंदी, भंडारकुंड, कुकडीखापा असा घाट उतरून रामाकोन्याला यायची, मग सौंसर, लोधीखेडा, केळवद, सावनेर, पाटणसावंगी करीत इतवारी स्टेशनावर थांबायची. देवगडची सत्ता डोंगरावरून पाटणसावंगी आणि मग नागपूर अशी उतरली. दोन शतकांनी रेल्वेही त्याच अंगाने उतरली. २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली आणि पुढे मोठी लाइन आली. सोय झाली, वेळ वाचला. पण इतवारीला उतरून थेट जुन्या शहरात शिरण्याची आमची सवय बसने आणि मोटारीने केव्हाच मोडली होती. आता आम्ही नागपुरात रिंग रोडने शिरतो आणि उड्डाणपुलावरून जातो. जुने शहर खाली राहते.

वारांची नावे असलेले मोहल्ले

त्या बारा वाड्यांची जी यादी परंपरेने सांगतात तीत सक्करदरा, हिवरी, फुटाळा, भानखेडा, सीताबर्डी ही नावे येतात. ही नावे आजही शहराच्या नकाशावर आहेत. फुटाळ्याला तलावाकाठी तरुण मंडळी फिरायला जातात, सीताबर्डीला बाजार आहे, सक्करदऱ्याला रहदारी आहे. मूळच्या वाडीचे नाव आपण रोज घेतो, एवढेच आपल्या लक्षात राहिलेले नाही.

दुसरी नावे बाजारांची. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. आठवड्यातला जो वार बाजाराचा, ते मोहल्ल्याचे नाव. त्यातही जुनी शुक्रवारी आणि नवी शुक्रवारी, जागनाथ बुधवारी असे पोटभेद. शहर भरत गेले तसे बाजार फुटत गेले आणि नावे वाढत गेली. नागपूरच्या जुन्या भागात ‘ओळ’ हा एक खास शब्द आहे. किराणा ओळ, सराफा ओळ, भांडे ओळ, चितार ओळ. एका धंद्याची दुकाने किंवा घरे एका ओळीत बसली की ती त्या धंद्याची ओळ. ‘पेठ’ म्हणजे पुणे, ‘वाडी’ म्हणजे मुंबई, तशी ‘ओळ’ म्हणजे नागपूर. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुण्याच्या पाहुण्याला सांगावा लागतो.

किल्ला, दरवाजा आणि तलाव

गणपतीच्या दिवसांत सकाळी नऊच्या आत महालात पोहोचावे. रात्री उशिरापर्यंत जागलेला भाग तेव्हा अजून उठत असतो. गांधी गेटपासून सुरुवात करावी. हा जुना जुम्मा दरवाजा, शहराच्या कोटाची वेस. कोट बांधला बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने. त्यानेच राजधानी देवगडहून नागपुरात आणली, आणि नाग नदीचे पाणी अडवून शहरासाठी तलाव केला. जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव म्हणतात तो हाच. आता त्याचे नाव गांधीसागर आहे. कोट गेला, तलावाचा काठ दुकानांनी वेढला, पण सकाळच्या वेळी काठावर उभे राहिले की हे पाणी पिण्यासाठी अडवले होते आणि त्याच्या भोवती शहर वाढले, एवढे सहज कळते.

जवळच महालाच्या किल्ला भागात गोंड राजांचा वाडा. चांद सुलतानानंतर गादीसाठी भांडण लागले. राणी रतन कुंवरने आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना बोलावले. रघूजींनी मुलांना गादीवर बसवले, मोबदला घेतला आणि परत गेले. पुढे दोन भावांत वितुष्ट आले तेव्हा ते पुन्हा आले आणि १७४३ मध्ये नागपूर त्यांच्या हाती राहिले. पण बुऱ्हाण शाह या गोंड राजाला त्यांनी हाकलले नाही. त्याची राजा ही पदवी ठेवली, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा दिला, आणि राज्य त्याच्या नावाने आहे असा देखावाही ठेवला. यात माया होती तसे राजकारणही होते. आपण गोंड राजाचे रक्षक आहोत असे म्हणता आले की पेशव्यांच्या हक्काला थोडे अंतरावर ठेवता येत होते. त्या घराण्याला पुढे ‘संस्थानिक’ म्हणत आणि त्यांचा मुक्काम नागपुरातच राहिला.

भोसल्यांचा काळ्या दगडाचा मोठा राजवाडा १८६४ मध्ये आगीत गेला. त्याआधी, १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्यही खालसा केले होते. दहा-अकरा वर्षांत आधी सत्ता आणि मग वाडा गेला. आजच्या महालात जे शांत बोळ, चौकाचे वाडे आणि देवळे दिसतात ती त्या मोडीतून उरलेली. गणपतीच्या दिवसांत मोठ्या मंडपांसमोर रांगा असतात, आणि शंभर पावलांवर एखाद्या वाड्याच्या देवघरात घरचा गणपती बसलेला असतो. तिथे आरतीला सात-आठ माणसे.

मिरवणूक निघून गेल्यावर

मारबतीच्या दिवशी सारे शहर इतवारीकडे धावते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाने तेली समाजाची. सोबत बडगे असतात, दर वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे पुतळे. रोगराई आणि इडापीडा घेऊन जा असे ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेतात. काळी मारबत बांकाबाई भोसल्यांवरच्या रागातून निघाली असे नागपुरात सर्रास सांगतात. बांकाबाई दुसऱ्या रघूजींच्या राणी. १८१८ नंतर अल्पवयीन राजाच्या वतीने त्यांनी कारभार पाहिला आणि इंग्रजांशी मिळते घेतले. त्या वारल्या १८५८ मध्ये, आणि मारबत निघाली १८८१ मध्ये. मधली तेवीस वर्षे लोकांनी राग धरून ठेवला, की जुन्या रोगनिवारणाच्या प्रथेला नंतर हे नाव चिकटले? आम्हाला दुसरे अधिक संभवनीय वाटते. पण लोकांनी कथेसाठी हेच कारण निवडले, यावरून राज्य गेल्याचे दुःख किती खोल होते ते कळते.

मिरवणूक पुढे निघून गेली की जागनाथ बुधवारी, भानखेडा, गोळीबार चौक इकडच्या गल्ल्या रिकाम्या होतात. हे विणकरांचे आणि कारागिरांचे मोहल्ले. हलबा-कोष्टी आणि मोमीन विणकरांनी नागपुरी लुगडी आणि धोतरे नावाजून सोडली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागाचे दिवस फिरू लागले. मारबती निघू लागल्या त्या याच सुमारास. एकीकडे गिरणीचा भोंगा, दुसरीकडे कारागिरांच्या मोहल्ल्यातून निघालेला इडापिडेचा पुतळा. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध दाखवणारा कागद हवा असेल तर तो मिळणे कठीण. पण या गल्लीतून चालणाऱ्याला त्या शेजारी शेजारी दिसतात. हातमागाची खटखट आज इथे क्वचितच कानी पडते. एम्प्रेस मिलही आता बंद आहे. मारबत मात्र दर वर्षी निघते.

त्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार असते. पळसाचे झाड आणि झेंडा नदीत उभा करून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. प्रशासन दर वर्षी समजावते, एकदा रबरी चेंडूही देऊन पाहिले. माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. एकाच तिथीला नागपूर आपली पीडा पुतळ्यावर घालून जाळते आणि आम्ही ती एकमेकांच्या अंगावर घेतो. दोन्ही रीती याच खोऱ्यातल्या. कोणती पुढच्या पिढीला द्यावी याचा विचार आम्ही घाटाखालच्यांनीच करायचा आहे.

महालातल्या चितार ओळीत मूर्तिकारांची घरे आहेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथे चालता येत नाही. चतुर्थी उलटली की ओळ एकदम शांत होते. ओसरीवर मातीचे ढीग, रंगाच्या वाट्या, न विकली गेलेली एखादी मूर्ती, आणि पुढच्या देवीच्या सांगाड्याला लागलेले हात. उत्सव पाहायचा तर गर्दीत जावे, पण तो कोणाच्या हातांनी होतो हे समजायला या दिवशी इथे यावे.

सगळे विसर्जन झाल्यावरचा गणपती

अनंत चतुर्दशीनंतर शहर थकून बसते, आणि तेव्हा भोसल्यांच्या वाड्यात हाडपक्या गणपती बसतो. पितृपक्षाला विदर्भात हाडपक म्हणतात, त्यावरून हे नाव. परंपरा अशी की दुसऱ्या रघूजींचे भाऊ खंडोजी ऊर्फ चिमणाबापू बंगालच्या मोहिमेवरून परतले तेव्हा घरचे गणपती उठून गेले होते. विजयाचा आनंद तर करायचा, म्हणून पितृपक्षातच गणपती बसवला. मनोरंजनासाठी नकला, सोंगे, लावण्या, मस्करी यांना मुभा दिली, म्हणून त्याला मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. पितृपक्षात शुभकार्य करू नये हा नियम सगळ्यांना ठाऊक. तरी उशिरा आलेल्यांसाठी या शहराने एक गणपती राखून ठेवला. देशभर ज्या दिवसांत उत्सव संपलेला असतो त्या दिवसांतला हा उत्सव पाहायला गर्दी नसते, म्हणून तो निवांत पाहता येतो.

आमचा वाटा

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. आमची राजधानीही तीच आणि हायकोर्टही तेच. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारा सौंसर तालुका छिंदवाडा जिल्ह्यासोबत मध्य प्रदेशात राहिला. आमची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूर झाले. सोयरिकी, दवाखाना, खरेदी आणि देव मात्र नागपुरात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, पण सीमा तिथेच आहे.

तेव्हापासून आम्ही नागपुरात एमपीवाले आणि भोपाळात मराठी लोक. याचा राग धरावा असे काही नाही. पण मुलांनी हे विचारले की आपण नेमके कुठले, तर सांगायला काहीतरी हाती असावे. ते नागपूरच्या या शांत मोहल्ल्यांत आहे. हे शहर आमच्या डोंगरातल्या गडावरच्या राजाने वसवले. त्याच्या मुलाने त्याला कोट आणि पाणी दिले. शहर आजही जे पाणी पिते त्यातले काही कन्हानचे, म्हणजे आमच्या खोऱ्यातून वाहत येणारे. सीमा १९५६ ची आहे. ही वाट तिच्याहून अडीचशे वर्षे जुनी आहे.

आपल्या मंडळातली बरीच घरे नागपूरपासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात स्थिरावलेली आहेत. त्यांनाही हे वेगळे वाटू नये. मराठीचे मोठे रस्ते पुण्या-मुंबईतून जातात. मंडप, रोषणाई, वर्तमानपत्रे सगळे तिथे. आम्ही आणि तुम्ही त्या शहराचे आतले मोहल्ले. इथे आवाज कमी, पण शब्द टिकतात. ज्येष्ठा-कनिष्ठांना गौरी न म्हणता महालक्ष्म्या म्हणणारी, आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य करून शेजारच्या हिंदी घरांनाही पानावर बसवणारी घरे सौंसरला आहेत, तशी भोपाळ-जबलपूरलाही आहेत. त्या पंगतीचा फोटो कोठे छापून येत नाही.

या वर्षी भाद्रपदात नागपूरला जाणे झाले तर देखावे जरूर पाहावेत. पण एक सकाळ मुलांना घेऊन गांधी गेटपासून किल्ल्यापर्यंत, तिथून तलावाच्या काठाने शुक्रवारीपर्यंत आणि परतताना चितार ओळीतून चालावे. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी नावे त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत आणि हे बाजार कधी भरत असतील ते विचारावे. जमल्यास पुढच्या सुटीत देवगड चढावा, म्हणजे कथेची दोन्ही टोके पाहून होतील. आणि नागपूर दूर पडत असेल तर आपण राहतो त्या शहरातल्या जुन्या मराठी गल्लीचे नाव कसे पडले, पहिले घर कुणाचे, पहिला गणपती कोणत्या ओसरीवर बसला, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे अजून आहेत, आणि उत्सवाच्या दिवसांत ती घरीच असतात.